इंटरनेटवरचे कॉल घरच्या संगणकावर रेकॉर्ड करणे : दोन्ही आवाज वेगळे आणि स्वच्छ कसे मिळतील?

घणसोली_गावठाण

नमस्कार मंडळी. आगरी लग्नात धवलारिणी बायका गातात त्या धवल्यांमधले (लग्नगीतांमधले) जुने शब्द आणि त्यांचे अर्थ गोळा करायचे आहेत. सांगणाऱ्या बायका साठीच्या पुढच्या, उरण, पेण, पनवेल भागातल्या. त्या मोबाइलवरून बोलणार, इकडे विंडोज ११ चा लॅपटॉप आणि ब्लूटूथ हेडफोन. बहुतेक कॉल व्हॉट्सॲपच्या डेस्कटॉप ॲपवर, काही झूमवर.

ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वासापी’ (विंडोजची ध्वनी-यंत्रणा) आणि स्पीकरचा ‘लूपबॅक’ निवडून पाहिलं. समोरचा आवाज येतो, विचारणाऱ्याचा अजिबात येत नाही. चाळीस मिनिटांच्या कॉलची फाइल एकतीस मिनिटांची निघते. आणि आवाज मडक्यातून आल्यासारखा. ‘पाणी’ म्हटलं की ‘पानी’ हेच ऐकू येत नसेल तर या कामाला अर्थ नाही. काय चुकतंय?

तलावपाळी

‘स्टिरिओ मिक्स’ चालू करा. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, सगळ्यात खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’, त्यात ‘रेकॉर्डिंग’. मोकळ्या जागेवर उजवं क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हाइसेस’. तिथे स्टिरिओ मिक्स दिसेल, ते ‘एनेबल’ करा.

मापनपट्टी

तलावपाळी, हा उपाय जुना आणि चांगला आहे, पण इथे चालणार नाही. स्टिरिओ मिक्स हे लॅपटॉपच्या मूळ साउंडकार्डाचं अंग आहे. त्या कार्डातून जे वाजतं तेवढंच त्याला कळतं. आवाज ब्लूटूथ किंवा यूएसबी हेडफोनला गेला की त्याच्या हाती शांतताच लागते. शिवाय त्यातूनही समोरचाच आवाज मिळतो.

घणसोली, तिन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत.

लूपबॅक म्हणजे स्पीकरकडे निघालेल्या आवाजाची नक्कल. माइकचा आवाज आपल्याच स्पीकरकडे जात नाही, म्हणून विचारणारा गायब. ऑडॅसिटीसारखी ध्वनी-संपादनाची साधनं एका वेळी एकाच उपकरणावरून रेकॉर्ड करतात, त्यामुळे लूपबॅक आणि माइक एकत्र निवडता येत नाहीत.

नऊ मिनिटं कुठे गेली? काहीच वाजत नसेल तेव्हा वासापी लूपबॅक माहितीच पाठवत नाही. शून्य पातळीची शांतताही येत नाही, प्रवाहच थांबतो. रेकॉर्डर तिथेच खोळंबतो आणि आवाज आला की पुढे चालू लागतो. म्हणजे मधल्या शांत जागा गळून वाक्यं एकमेकांना चिकटली. शब्द बहुधा सगळे असतील, वेळा मात्र चुकीच्या आहेत. तात्पुरता उपाय म्हणून त्याच उपकरणावर एखादी तासाभराची निःशब्द फाइल वाजत ठेवतात, प्रवाह चालू राहतो.

मडक्याचा आवाज ब्लूटूथमुळे. गाणं ऐकताना हेडफोन एका प्रोफाइलवर चालतो. त्याच हेडफोनचा माइक वापरायला घेतला की तो ‘हँड्स-फ्री’ प्रोफाइलवर उतरतो: एकच वाहिनी, सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली जातात ते) ८ किंवा १६ किलोहर्ट्झ. ८ वर असेल तर निम्म्याच्या, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक, ‘चाक’मधला च आणि ‘चित्र’मधला च यांतला फरक, यांचा मोठा भाग नेमका त्याच पट्ट्यात आणि त्याच्या वर असतो. बोलीभाषेच्या कामासाठी ब्लूटूथ पूर्ण बाजूला ठेवा. नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने तो भाग परत येत नाही.

घणसोली_गावठाण

कारणासकट सांगितल्याबद्दल आभार. मग वायरचा हेडफोन घ्यायचा तर यूएसबी की ३.५ मिमी? लॅपटॉपला एकच भोक आहे.

ऐरोली_नाका

एकच भोक असेल तर ते बहुधा चार पट्ट्यांच्या पिनचं असतं: टोकाला डावा, मग उजवा, मग ग्राउंड, सगळ्यात मागे माइक. हल्लीच्या मोबाइलचे वायरवाले इअरफोन त्यात थेट चालतात. हेडफोनला दोन वेगळ्या पिना असतील तर दोन-एक करणारा ‘स्प्लिटर’ लागतो. दुकानात तीन पट्ट्यांचा स्प्लिटरही तसाच दिसतो, त्याने फक्त आवाज दोन हेडफोनना वाटला जातो, माइक चालत नाही. काळ्या रेघा मोजून घ्या: पिनवर तीन रेघा म्हणजे चार पट्ट्या.

तरी या कामाला यूएसबी हेडसेटच घ्या. त्याचं साउंडकार्ड त्याच्यातच असतं, त्यामुळे चार्जर लावल्यावर लॅपटॉपच्या माइकमध्ये येणारी घरघर बरीच टळते. त्या घरघरीत बहुधा ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी असतात. मूळ बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये. चार्जर काढल्यावर घरघर थांबली तर कारण तेच समजा आणि कॉल बॅटरीवर करा. खरेदीला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडपर्यंत जायची गरज नाही, वाशी सेक्टर १७ मध्ये संगणकाची दुकानं आहेत. दुकानातच जोडून माइकची पातळी हलते का ते बघून घ्या.

माइक ओठांपासून तीन-चार बोटं दूर आणि तोंडाच्या कडेला. समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फुगे फुटतात. पंखा डोक्यावर नको. घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर रोडकडे खिडकी असेल तर ती बंद ठेवून जाड पडदा ओढा. ट्रकची गुरगुर ८० हर्ट्झच्या खालचं कापणाऱ्या फिल्टरने पुष्कळ कमी होते, हॉर्नचं काही करता येत नाही.

मापनपट्टी

आता मुख्य गोष्ट. ओबीएस स्टुडिओ वापरा. फुकट आणि मुक्त आहे. स्क्रीन रेकॉर्डिंगसाठी प्रसिद्ध असलं तरी इथे त्याचा उपयोग वेगळा: माइक आणि समोरचा आवाज एकाच वेळी, एकाच घड्याळावर, पण स्वतंत्र ट्रॅकवर. सहा ट्रॅकपर्यंत सोय आहे. दोघं एकदम बोलले, इकडे कुकरची शिट्टी झाली, तर वेगळ्या ट्रॅकवर ती नुसती गप्प करता येते. एकत्र मिसळलेल्या फाइलमध्ये तिच्याखाली गेलेला शब्द कायमचा गेला.

क्रम असा ठेवा. आधी ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ऑडिओ’. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. ‘डेस्कटॉप ऑडिओ’मध्ये ‘डीफॉल्ट’ ठेवू नका, हेडसेटचं नाव स्पष्ट निवडा. ‘माइक’मध्येही तसंच. डीफॉल्ट ठेवलं आणि कॉलच्या मध्ये टीव्ही किंवा दुसरा हेडफोन जोडला गेला की विंडोज आपलं मत बदलतं आणि ट्रॅक रिकामा जातो.

मग ‘आउटपुट’. वरचा मोड ‘ॲडव्हान्स्ड’ करा, ‘रेकॉर्डिंग’मध्ये जा. फाइलचा प्रकार एमकेव्ही. ऑडिओ ट्रॅक १, २, ३ वर खूण करा. नव्या आवृत्त्यांत ऑडिओ एन्कोडरमध्ये फ्लॅक किंवा पीसीएम मिळतं (यांत आवाजाचा कुठलाही भाग गळत नाही), ते निवडा. नसेल तर एएसी, दर सेकंदाला ३२० किलोबिट. एमकेव्हीच का? साधी एमपी४ फाइल शेवटी नीट बंद झाली तरच उघडते. मध्येच वीज गेली, संगणक अडकला, तर दोन तासांचं बोलणं निरुपयोगी होतं. एमकेव्ही जिथे तुटली तिथपर्यंत शाबूत राहते.

त्यानंतर मुख्य खिडकीत ‘ऑडिओ मिक्सर’मधून ‘ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’. माइकच्या ओळीत १ आणि २ वर खूण, बाकीच्या काढा. डेस्कटॉप ऑडिओच्या ओळीत १ आणि ३. म्हणजे ट्रॅक १ ऐकण्यापुरता एकत्र, २ फक्त विचारणाऱ्याचा, ३ फक्त सांगणाऱ्याचा. ही पायरी सगळ्यात जास्त सुटते, आणि सुटली की तिन्ही ट्रॅकवर तोच गोळा मिळतो.

चित्र नको असलं तरी ओबीएस काळा व्हिडिओ करतंच. ‘व्हिडिओ’मध्ये आकार ६४० बाय ३६० आणि सेकंदाला १० फ्रेम ठेवा, प्रोसेसरवर आणि डिस्कवर भार नगण्य होतो.

पातळी: मिक्सरमधला पट्टा उणे २० डेसिबलपर्यंत हिरवा, उणे २० ते उणे ९ पिवळा, पुढे लाल. नेहमीचं बोलणं पिवळ्यात खेळलं पाहिजे. हसताना क्षणभर लाल झाला तर चालेल, शून्याला टेकता कामा नये. टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला शिवता येत नाही.

कॉल संपल्यावर एमकेव्ही ऑडॅसिटीत आयात करा. त्यासाठी ऑडॅसिटीला एफएफएमपेग (अशा फाइल वाचणारं जोड-साधन) जोडलेलं लागतं. आयात करताना कुठले ट्रॅक हवेत ते विचारतं, २ आणि ३ घ्या.

उपवन

छान लिहिलंय. दोन भर.

हल्लीच्या ओबीएसमध्ये विंडोजसाठी ‘ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर’ नावाचा स्रोत आहे, २०२२ च्या २८व्या आवृत्तीपासून. त्यात फक्त कॉलच्या ॲपचा आवाज घेता येतो, ईमेलची टुंग किंवा दुसऱ्या खिडकीतला व्हिडिओ येत नाही. पण हा वापरलात तर डेस्कटॉप ऑडिओ ‘डिसेबल्ड’ करा. दोन्ही चालू राहिले तर तोच आवाज दोनदा, सूक्ष्म अंतराने पडतो आणि पत्र्याच्या पिंपात बोलल्यासारखा पोकळ होतो. काही ॲप आवाज वेगळ्याच प्रक्रियेतून सोडतात, तेव्हा मीटर हलत नाही. तसं झालं तर सरळ डेस्कटॉप ऑडिओवर परत या आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा.

दुसरं, ‘मोअर साउंड सेटिंग्ज’मध्ये ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा टॅब आहे. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्के खाली आणायची सोय तिथे असते. तिथे ‘डू नथिंग’ निवडा, म्हणजे कॉलमध्ये जुनं रेकॉर्डिंग वाजवून ‘हा शब्द कोणता’ असं विचारताना ते मध्येच दबणार नाही.

कोपरी_पूर्व

हेडफोन लावणं का अटळ आहे तेही लिहायला हवं. लोक म्हणतात, स्पीकरवर बोललं तरी समोरच्याला प्रतिध्वनी येत नाही. बरोबर, कारण कॉलचं ॲप तो आपल्या आतल्या आत काढून टाकतं. पण ओबीएस माइकचा कच्चा आवाज घेतं, ॲपने साफ केलेला नाही. त्यामुळे कॉल स्वच्छ वाटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये माइकच्या ट्रॅकवर समोरच्या आजींचा आवाज पुन्हा उमटलेला असतो. मग ट्रॅक वेगळे ठेवण्याचा फायदाच संपतो.

घणसोली_गावठाण

आता एक वेगळाच प्रश्न. अर्थ सांगता सांगता त्या मध्येच दोन ओळी म्हणून दाखवतात. चाचणी कॉलमध्ये बोलणं स्वच्छ, पण धवला सुरू झाला की आवाज तुटतो, सूर मध्येच विझतो. नेट चांगलं आहे.

मापनपट्टी

नेटचा दोष नाही. कॉलच्या ॲपमध्ये गोंगाट कमी करणारी यंत्रणा असते. ती बोलण्याची चढउतार ओळखते आणि लांबवर एकसारखं टिकणारं जे काही असेल, म्हणजे पंखा, मिक्सर, गाडी, ते कापते. ओढून धरलेला सूर तिला पंख्यासारखाच भासतो. टाळ्या, थाळी, मागून साथ देणाऱ्या बायका, हे सगळं तिच्या लेखी गोंगाट. आणि ही कापाकापी त्यांच्या फोनवर, आवाज निघण्याआधीच होते. इकडच्या टोकाला कितीही चांगलं रेकॉर्डिंग केलं तरी जे निघालंच नाही ते कसं मिळणार?

झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ आहे. ऑडिओ सेटिंग्जमध्ये ती सोय चालू करायची आणि मीटिंगमध्ये गेल्यावर तिथेही ती सुरू करायची. नुसती सेटिंग पुरत नाही. हे सांगणाऱ्याच्या बाजूला करावं लागतं, नातवाला एकदा समजावून द्या. त्यात प्रतिध्वनी काढणं बंद केलं तर त्या बाजूलाही इअरफोन लागतील.

झूमचं स्वतःचं स्थानिक रेकॉर्डिंगही विसरू नका. संगणकावरच्या ॲपमध्ये ‘रेकॉर्डिंग’ सेटिंगमध्ये प्रत्येकाची वेगळी ऑडिओ फाइल करण्याची खूण आहे. रेकॉर्डिंग चालू असल्याची सूचना सगळ्यांना मिळते, ते चांगलंच. मीटिंग संपल्यावर फाइल रूपांतरित होते, तेव्हा लॅपटॉप मिटू नका. फुकटच्या खात्यावर मीटिंग ४० मिनिटांची, त्या हिशोबाने प्रश्न मांडा.

उपवन

गाण्यासाठी खरा उपाय दोन टोकांचं रेकॉर्डिंग. त्यांच्या बाजूला दुसरा एक फोन, विमान मोडवर, साधं व्हॉइस रेकॉर्डर ॲप चालू करून ताटलीवर नव्हे तर घडी घातलेल्या कापडावर, तोंडापासून हातभर अंतरावर. कॉल पहिल्या फोनवर. नंतर ती फाइल मागवायची, आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, म्हणजे ती आहे तशी येते.

त्याच फोनवर रेकॉर्डर चालू करून चालणार नाही. अँड्रॉइड १० पासून कॉलचं ॲप माइक वापरत असताना दुसऱ्या साध्या ॲपला शांतता मिळते. रेकॉर्डर चालू दिसतो, सेकंद पुढे सरकतात, फाइलमध्ये काहीच नसतं. प्ले स्टोअरवरची कॉल रेकॉर्डर ॲप शोधण्यातही वेळ घालवू नका, त्या ॲपना ‘ॲक्सेसिबिलिटी’चा मार्ग गूगलने ११ मे २०२२ पासून बंद केला आहे.

खारघर_टेकडी

मध्येच एक विचारतो. मॅकवर काय? आणि लिनक्सवर?

कोपरी_पूर्व

लिनक्सवर सगळ्यात सोपं. पल्सऑडिओ किंवा पाइपवायर या तिथल्या ध्वनी-यंत्रणांमध्ये प्रत्येक स्पीकरचा ‘मॉनिटर’ स्रोत आपोआप असतो, ओबीएसमध्ये तो निवडा.

मॅकवर ओबीएसचं ‘मॅकओएस स्क्रीन कॅप्चर’ १३व्या आवृत्तीपासून आवाजही घेतं. जुन्या मॅकवर ब्लॅकहोल हे आभासी उपकरण टाकायचं, ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये हेडफोन आणि ब्लॅकहोल मिळून ‘मल्टी-आउटपुट डिव्हाइस’ करायचं आणि ब्लॅकहोलपुढे ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण. मग कीबोर्डवरून आवाज कमी-जास्त होत नाही, म्हणून तो आधीच ठरवून ठेवा.

पाचपाखाडी

परवानगीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. ही कायदेशीर सल्ल्याची जागा नव्हे, पण चौकट माहीत असावी. फोनवरच्या रेकॉर्डिंगचा पुरावा म्हणून स्वीकार, यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९७२ चा आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा मुंबईतला खटला पायाभूत मानला जातो. तिथे बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती. पुढे २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. दुसऱ्या दोघांचं बोलणं चोरून टिपणं ही तर वेगळीच आणि गंभीर गोष्ट आहे.

घणसोली, तुमच्या कामात मात्र पुरावा हा मुद्दा नाही, विश्वास हा आहे. रेकॉर्डिंग चालू करून पहिल्या मिनिटात तारीख, गाव, त्यांचं नाव त्यांच्याच तोंडून घ्या आणि स्पष्ट विचारा: रेकॉर्ड करू का, फक्त अभ्यासाला की लोकांना ऐकवलं तरी चालेल, नाव द्यायचं की नाही. तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळी उत्तरं. ‘हो हो, करा काय ते’ हे तिन्हींचं उत्तर धरू नका. धवला हे त्या बाईंचं मानाचं आणि पोटाचंही काम असू शकतं. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये घरगुती वापराला सूट आहे. संकेतस्थळावर टाकलंत की ते घरगुती राहत नाही.

कुणाला वादाच्या कारणासाठी रेकॉर्डिंग लागत असेल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलमधून काढलेला ओळख-आकडा, फाइल जराही बदलली की तो बदलतो) नोंदवावी लागते. जुन्या साक्ष कायद्यातल्या कलम ६५-ब च्या प्रमाणपत्राबद्दल २०२० चा खोतकर-गोरंट्याल निकाल जालन्याच्या निवडणुकीतूनच आला होता. म्हणून मूळ फाइल कापू, नाव बदलू, स्वच्छ करू नका. आधी हॅश काढा, मग प्रतीवर काम करा.

मापनपट्टी

+१. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवं क्लिक केलं की शा-२५६ हॅश मिळते. संशोधनाच्या फाइललाही ही सवय चांगली. पाच वर्षांनी प्रत बिघडली का ते कळतं.

घणसोली_गावठाण

पाचपाखाडी ताई, तीन प्रश्न वेगळे विचारायचं लक्षात ठेवतो, हे सुचलंच नव्हतं.

यूएसबी हेडसेट आणि ओबीएस लावून चाचणी झाली. ट्रॅक २ आणि ३ स्वच्छ, वेळ पूर्ण. दुसऱ्या फोनची फाइलही आली. आता ती ट्रॅक ३ शी जुळवताना सुरुवात बरोबर बसते, पण पुढे कुठे मागे, कुठे पुढे सरकते. का?

मापनपट्टी

दोन कारणं एकावर एक आहेत. पहिलं, प्रत्येक उपकरणाचं घड्याळ स्वतःच्या स्फटिकावर चालतं. दोघांत दशलक्षात ५० भागांचा फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद होतात. हा फरक एकाच दिशेने सावकाश वाढतो. दुसरं कारण मोठं: कॉलमधला आवाज नेटवरून उशिरा येतो आणि तो उशीर स्थिर नसतो. आवाजाची पॅकेट, म्हणजे नेटवरून येणारे तुकडे, कमी-जास्त वेळाने आली की ॲप आवाज किंचित ताणतं किंवा आवळतं. म्हणून ट्रॅक ३ हा वेळेच्या हिशोबाने लवचिक आहे, दुसऱ्या फोनची फाइल ताठ.

त्यामुळे संपूर्ण फाइल ताणून जुळवायच्या नादी लागू नका. सुरुवातीला आणि शेवटी त्यांना तीन टाळ्या वाजवायला सांगा, म्हणजे एकूण फरक कळेल. मग दुसऱ्या फोनची फाइल मुख्य धरा, ट्रॅक ३ फक्त वाट दाखवायला ठेवा, आणि विचारणाऱ्याचा ट्रॅक २ प्रश्नोत्तरांच्या मधल्या शांत जागी कापून पुढे-मागे सरकवा. दहा-पंधरा मिनिटांना एक काप पुरतो. कानाला पाव सेकंदाची शांतता कमी-जास्त झालेली कळत नाही, शब्दावर शब्द चढलेला लगेच कळतो.

ऐरोली_नाका

शब्दांचे अर्थ कॉलवर घ्या, पण पूर्ण धवला ऐकायचा तर समोर बसूनच. जानेवारी २०२४ पासून नेरुळ आणि बेलापूरहून थेट उरणपर्यंत लोकल जाते. कॉलवर कोणाकडे काय आहे ते कळेल, मग त्या यादीने जा.

कॉलच्या दिवशी राउटरलाही १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, वायफाय जातं, आणि पुन्हा जोडेपर्यंत आजी फोन ठेवून कामाला लागलेल्या असतात.

घणसोली_गावठाण

यादी करूनच जातो. शेवटचं: जागा किती लागेल? सी ड्राइव्हवर १८ जीबी आहे.

उपवन

४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एक वाहिनी, तासाला साधारण ३४६ एमबी. ओबीएसचे ट्रॅक सहसा स्टिरिओ असतात, म्हणून पीसीएममध्ये एकेक ६९० एमबी, तिन्ही मिळून तासाला दोन जीबीच्या वर. फ्लॅकमध्ये बोलण्याची फाइल बरीच लहान होते आणि काहीही हरवत नाही. आयात केल्यावर २ आणि ३ मोनो करा, फ्लॅकमध्ये साठवा, मूळ एमकेव्ही बाहेरच्या डिस्कवर हलवा. ऐकायला द्यायची प्रत ऑपस या लहान फाइल करणाऱ्या प्रकारात २४ किलोबिटने केली तर तास ११ एमबीत बसतो. नाव तारखेने सुरू करा, वर्ष आधी, मग महिना, दिवस, गाव, ट्रॅक. यादी आपोआप क्रमाने लागते.

आणि १८ जीबीवर विसंबू नका. रेकॉर्डिंगचा फोल्डर ‘आउटपुट’मध्ये दुसऱ्या ड्राइव्हवर वळवा. ड्राइव्ह भरली की ओबीएसचं रेकॉर्डिंग थांबतं, कॉल मात्र चालूच राहतो, आणि कानात आवाज येत असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही. ओबीएसच्या खिडकीतला रेकॉर्डिंगचा लाल ठिपका आणि पुढे सरकणारी वेळ दिसेल अशी खिडकी शेजारी ठेवा.